भाजलेल्या बाहुल्या

धुरपदाबाईच्या हातचा पोळ्याचा बैल हातातून पडला तरी फुटत नाही, असं मांडवगणात अजून सांगतात. भीमेच्या काठची काळी माती आणायची, तिच्यात पिंजलेला कापूस आणि मूठभर लीद घालायची, दोन दिवस तुडवायची, बैल करून सावलीत सुकवायचे आणि मग गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून टाकायचे. गावातल्या बाकीच्या बाया कच्चाच बैल पुजायच्या आणि चार दिवसांत त्याचं शिंग गळायचं. धुरपदाचा बैल पोरं वर्षभर ओढायची.

तिची जीभही तशीच भाजून निघालेली. शाळा दुसरीतच सुटली, पण नवऱ्याच्या माघारी तिनं शेवंतीचा मळा एकटीनं राखला, पोराला शिकवून सणसवाडीच्या कंपनीत चिकटवलं आणि भावकीतल्या कुणाला बांध कोरू दिला नाही. तोंडातून गेलेला शब्द तिनं कधी माघारी घेतला नव्हता. घेतला असता तर मळा राहिला नसता, असं ती म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

पण दीड वर्षापूर्वी त्याच जिभेनं घर मोडलं.

सुनेला, करिश्माला, दुसरी मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं. पोराला, ज्ञानेशला, बहीण नाही, म्हणून नाव ठेवायचा आत्याचा मान धुरपदानंच घेतला. करिश्मानं शितल नाव काढून ठेवलं होतं. पाळण्याभोवती गावातल्या वीस-पंचवीस बाया, घुगऱ्यांची पातेली भरलेली. धुरपदा वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नकुशी."

पोरगी नकोशी म्हणून सांगितलं की देव पुढचा पोरगा देतो, ही तिच्या माहेरची रीत. तिची थोरली बहीणच नकुशी, आणि तिच्या पाठीवर तीन भाऊ झाले. धुरपदाच्या लेखी ते औषध होतं. पण ती बहीण साठ वर्षं त्या नावानं हाक आली की मान खाली घालून ओ द्यायची, हे तिला त्या दिवशी आठवलं नाही.

करिश्मानं घुगऱ्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला दुपट्यात गुंडाळून निघाली. थोरल्या प्रगतीलाही ती नेणार होती, पण धुरपदानं पोरीचा हात धरला तो सोडलाच नाही.

केडगाव हे करिश्माचं माहेर, म्हणायचं तर. तिथं बायकांसाठी एक आश्रम आहे, ख्रिस्ती ताई चालवतात. करिश्माची आई तिथं भाकऱ्या थापायला होती आणि करिश्मा त्याच आवारात वाढली. आई वारली, तरी ताईंनी पोरीला खोली दिली, शिलाई मशीन दिलं. तिथून तिनं ज्ञानेशकडं एकच निरोप धाडला. ज्या तोंडानं नाव ठेवलं, त्याच तोंडानं बदला. त्याच दिवशी येते.

"माझं तोंड हाय, गिरणीचा पट्टा न्हाई, उलटा फिरवायला," धुरपदा म्हणाली. ज्ञानेश खाली बघत बसला आणि सोमवारी कंपनीत निघून गेला. तो दर रविवारी यायचा, खाली बघायचा आणि जायचा.

दर डिसेंबरात, नाताळाच्या आठवड्यात, टीव्हीवर एक जुना परदेशी पिक्चर लागायचा. बाहुल्यांचा. एक लाकडाची पोर, एक पाय आखूड, म्हणून घरातून घालवलेली. कापसाच्या बर्फातून लंगडत लंगडत हिंडते आणि नाताळाच्या सांजेला घरातली म्हातारी दार उघडून तिला आत घेते. करिश्मानं तो आश्रमात लहानपणापासून बघितला होता, आणि लग्नानंतर दरवर्षी ती प्रगतीला मांडीवर घेऊन बघायची. धुरपदा उंबऱ्यात शेवंती निवडत बसायची आणि म्हणायची, "एक पाय उचलायला किती येळ लावत्यात ह्या. एवढ्या येळात आमची म्हस व्याली आसती."

करिश्मा गेल्यावर पहिल्या डिसेंबरात प्रगतीनं तो एकटीनं बघितला. "आई पण आत्ता ह्योच बघत आसंल," ती म्हणाली. धुरपदानं शेवंतीची पाटी जवळ ओढली.

यंदा प्रगती पाचवीत गेली. शाळेतल्या बाईंनी तसला पिक्चर मोबाईलवर कसा करायचा ते शिकवलं. एक फोटो काढायचा, बाहुली तिळभर हलवायची, परत फोटो. असे शेकडो फोटो भराभर लावले की बाहुली चालते.

"आजे, चार बाहुल्या करून दे," प्रगती म्हणाली.

"मी बैल करती. बाहुल्या करायला काय जत्रंत बसलीया?"

"बैलाचा पिच्चर न्हाई करायचा मला."

"मंग कशाचा?"

"आपला."

आश्रमात चोवीस तारखेला दुपारी कार्यक्रम असतो. आधी टीव्हीवरचा तो पिक्चर सगळ्यांना दाखवतात, मग पोरांनी काय काय बसवलेलं. प्रगतीनं वडिलांच्या फोनवरून ताईंना विचारून आपलं नाव घातलं होतं. आईला घरी बोलवायचं होतं, पण असं, पिक्चर दाखवून. धुरपदा हे सगळं समजली आणि काही न समजल्यासारखं माती आणायला गेली.

ती माती काही वेगळीच मळावी लागली. वाळायला नको, म्हणून बाईंनी तिच्यात गोडं तेल घालायला सांगितलं होतं. तेल पिणारी माती धुरपदानं जन्मात बघितली नव्हती. चार दिवस मळली तेव्हा ती लोण्यासारखी झाली. मग तिनं करिश्मा केली. हार ओवताना करिश्माची मान डावीकडं कलायची, ती तशीच कललेली आली. धुरपदानं मुद्दाम केली नव्हती, बोटांनीच केली. मग प्रगती केली. मग अंगठ्याएवढं बाळ. शेवटी स्वतःला केलं, पाठ ताठ, एक हात दाराच्या कडीवर.

खिडकीखाली पाटावर घर मांडलं. अकरा ते एक उजेड सरळ पडायचा, तेवढ्यातच काम. शाळा सकाळची, म्हणून प्रगती धावत यायची. शेवंतीच्या पाकळ्या अंगण म्हणून, कापूस बर्फ म्हणून. मांडवगणात बर्फ कुठला, असं धुरपदानं विचारलं तर प्रगती म्हणाली, "पिच्चरमधी पडतोच." ज्ञानेशनं घरी ठेवलेल्या जुन्या मोबाईलवर ती फोटो काढायची, करिश्मा तिळभर हलायची, परत फोटो काढायची. तीन आठवडे चाललं होतं.

"मी कवा हालायची?" धुरपदानं एकदा विचारलं.

"तू नुसती हुबी ऱ्हा. तुझं काम शेवटाला हाय."

"शेवटाला काय?"

"आई बर्फातनं माघारी येती. तू दार उघडती. बाळाला घेती आन् तिच्या कानात दुसरं नाव सांगती."

"कोन्तं?"

"ते तू ठरव. आवाज न्हाई पिच्चरला, तरी ठरव."

धुरपदा मळ्यात गेली. शेवंती तोडता तोडता तिनं ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवून बघितलं. शितल. जीभ काही झडली नाही. आधी बाहुलीला वाकू दे, तिनं ठरवलं. सगळ्यांदेखत ती पडद्यावर वाकली की आपण नुसतं बोट दाखवायचं आणि म्हणायचं, माझंबी तेच म्हणणं हाय. म्हणजे वाकल्यासारखं होईल आणि वाकावं लागणार नाही. तिच्या सत्तर वर्षांत तिला इतकी चांगली युक्ती सुचली नव्हती.

तेवीस तारखेला सकाळी गार वारं सुटलं. प्रगती शाळेला गेली होती. त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवट घ्यायचा होता. धुरपदानं बाहुल्यांवरचं ओलं फडकं उचललं. करिश्माच्या मानेला, जिथं ती कलली होती तिथं, केसाएवढी भेग.

तिनं बोट ओलं करून ती बुजवली. शेवटाआधीच मान तुटली तर? तेल-बिल ते बाईंचं. मातीचं तिला कळत होतं, बाईंना नाही. भेग गेलेल्या मातीला एकच इलाज, तो तिनं पन्नास वर्षं केला होता. तिनं चूल पेटवली, गोवऱ्या रचल्या आणि चारी बाहुल्या विस्तवात पुरल्या. तेल जळून धूर झाला, डोळे चुरचुरले, पण तीन तासांनी काढल्या तेव्हा चौघीही तांबूस काळ्या, खणखणीत. नखानं वाजवलं तर घंटेसारख्या वाजल्या. मानेची भेग परत उघडली नव्हती. तिनं त्या पदरानं पुसून पाटावर परत जशाच्या तशा मांडल्या आणि दारात नातीची वाट बघत बसली. पोरगी खूश होईल असंच तिला वाटत होतं.

प्रगती आली. तिनं आजीच्या बाहुलीचा हात धरला, कडीवरून उचलायला. हात वाकला नाही. तिनं अजून थोडा जोर केला. हात मनगटात तुटला.

ती रडली नाही. तिनं बाकीच्या तिघींचेही हात एकेक करून हलवून बघितले.

"आजे," ती म्हणाली, "ह्या आता हालणार न्हाईत."

तेव्हा कुठं धुरपदाला कळलं. "दुसऱ्या करती. सांजच्याला करून देती," ती म्हणाली आणि नदीवर पळाली. पण तेलाची माती चार दिवसांची, आणि हाताशी दिवस एक. नुसत्या पाण्यानं मळून केलेल्या बाहुल्या दिवेलागणीपर्यंत कमरेत मोडून पाटावर आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडं कुणी बघितलंही नाही.

चोवीस तारखेला दोघी गावातल्या इलाहीच्या वडाप जीपमधून, सीटाचे पैसे देऊन, केडगावला गेल्या. धुरपदानं भाजलेल्या बाहुल्या फडक्यात बांधून घेतल्या होत्या. कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं.

आश्रमाच्या हॉलमध्ये कागदाची चांदणी, कापूस, साठ-सत्तर बाया आणि पोरं. करिश्मा दुसऱ्या रांगेत, मांडीवर बाळ. बाळ आता बाळ नव्हतं, उतरून चालत होतं आणि पडत होतं. आधी परदेशी पिक्चर झाला. लाकडाची पोर घरी आली, म्हातारीनं दार उघडलं, बायांनी डोळे पुसले. धुरपदानं तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितला.

मग प्रगतीचा. एक मिनिट आणि वर थोडा. पाळणा हलला. करिश्मा उठली, बाळ उचललं, मान डावीकडं कलती ठेवून अंगण ओलांडलं. प्रगतीची बाहुली दोन पावलं मागं गेली आणि थांबली. पाकळ्या हलल्या. कापूस हलला. दारातली म्हातारी कडीवर हात ठेवून उभी, एका फोटोतही हललेली नाही. करिश्मा लांब लांब गेली, लहान झाली, आणि पडदा काळा.

"ती म्हातारी खरी न्हाई ना?" पुढच्या रांगेतलं एक पोर आईला विचारत होतं. "ती हालतच न्हाई."

टाळ्या झाल्या. लोक चहाला उठले. करिश्मा पोरीला कडेवर घेऊन आली, वाकून पाया पडली. रीत तिनं सोडली नव्हती.

"मी कशी गेले तेच दावायचं हुतं व्हय, आत्याबाई? ते मला पाठ हाय."

"आई, पुढं अजून हुतं," प्रगती म्हणाली. "आजीनं बाहुल्या भाजल्या."

करिश्मानं सासूकडं बघितलं. लेकीला विचारायचं सोडून तिनं धुरपदालाच विचारलं, हळू आवाजात, वाट करून दिल्यासारखं.

"काय हुतं पुढं?"

बोट दाखवायला पडदा काळा होता. कडेवरच्या पोरीनं हात लांब करून धुरपदाच्या कपाळावरचं गोंदण चाचपलं. धुरपदाच्या तोंडात ते नाव होतं, दातांच्या मागं, सुपारीसारखं. तिनं तोंड उघडलं.

"पोरगी लई वाळलीया," ती म्हणाली. "हितं खायाला देत न्हाईत व्हय?"

करिश्मा जराशी हसली. दारातून कुणी भलतंच आलं की माणूस हसतं तशी.

"देत्यात," ती म्हणाली. "नावानं हाक मारून देत्यात."

तिनं पोरीचा हात धुरपदाच्या कपाळावरून काढून घेतला.

 मग प्रगतीनं आजीच्या हातातून आपला हात सोडवायला सुरुवात केली. ओढला नाही, एकेक बोट सोडवलं, पिक्चर करताना हलवायची तसं, तिळतिळ.

"मी ऱ्हाऊ हितं?" तिनं विचारलं.

दीड वर्षापूर्वी धरलेला हात होता. धुरपदाला वाटलं, आता तरी ते दुसरं नाव तोंडातून निघेल. पण निघाला तो हाच शब्द, आणि किती सहज निघाला.

"ऱ्हा."

जीपमध्ये इलाहीनं आरशातून मागं बघितलं. "मावशी, पोरगी कुठाय?"

"तिच्या आईकडं."

"सुट्टीला?"

धुरपदानं फडक्याची गाठ आवळली. पुलावर म्हणाली, "गाडी नीट चालव. बाहुल्या हायत मांडीवर." आणि मग तिलाच त्याचं हसू आलं, कारण त्यांना आता काय होणार होतं.

घरी आली तेव्हा दिवे लागत होते. पाटावरचं घर तसंच होतं, पाकळ्या सुकलेल्या. तिनं फडकं सोडून बाहुल्या भिंतीतल्या देवळीत ओळीनं मांडल्या, पोळ्याचे बैल मांडायची तशा. करिश्मा, प्रगती, हात तुटलेली म्हातारी. बाळ मुठीतच राहिलं. घरात कुणी नव्हतं, ऐकायला भिंतीसुद्धा आपल्याच. तिनं मूठ तोंडाजवळ नेली, कुर्र करायला ओठ जुळवले आणि दिव्याच्या उजेडात नीट बघितलं.

बाळाला तिनं नाक काढलं होतं, तोंड काढलं होतं, अंगठ्याएवढ्या जिवाला बोटंसुद्धा काढली होती. कान काढायचे राहून गेले होते. तिनं नखानं कोरून बघितलं. नख तुटलं. माती चांगलीच भाजली होती.