मुहूर्ताचा काप

मी एक जुनी पत्रा कापायची मशीन आहे. अंबडला, हिरामणच्या शेडमध्ये असते. मित्रांनो, माझा रंग उडालाय म्हणून नाक मुरडू नका. माझं पातं अजून एका दणक्यात पत्रा तोडतं, आणि त्या पात्यापायीच आमच्या शेडवर संकट आलं.

माझा जन्म राजकोटचा. ट्रकमधून मी इथे उतरले, तेव्हा हिरामणच्या बायकोनं, ठमाबाईनं, मला ओवाळलं होतं. मग काय विचारता! इलेक्ट्रिक पॅनेलच्या दारांचे किती पत्रे कापले, मोजदादच नाही. "आपली म्हातारी लय गुणाची," असं हिरामण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आमची दारं घेणारा कारखाना मोठा. त्यांची ऑर्डर ठरल्या तारखेलाच निघते, आणि तोवर थांबलं तर बाजारात पत्रा मिळत नाही. म्हणून तिथे खरेदीचं काम बघणाऱ्या संजनाताईंनी साहेबांशी वाद घालून आमच्यासाठी परवानगी आणली. ऑर्डरच्या आधीच पत्रा आणून कारखान्याच्या नावानं धरून ठेवायचा. ऑर्डर बदलली, तरी न कापलेला अख्खा पत्रा कारखाना उचलणार. "पण दादा, फक्त आणून ठेवा. कापायचं मी वेगळं कळवीन," असं त्या बजावून गेल्या. एवढ्याशा शेडवर असा भरवसा कोण टाकतं? हिरामण चार लोकांत सांगत सुटला.

दसरा आला. आमच्याकडे रीत अशी, की मशीनची पूजा झाली की नव्या पत्र्यावर मुहूर्ताचा काप घ्यायचा. हिरामणनं मला झेंडूचा हार घातला आणि धरून ठेवलेल्यातलाच एक पत्रा माझ्याखाली सरकवला. एका कापावर थांबला असता तर निभावलं असतं. पण उत्साहाला आवर कुठला!

"ऑर्डर तर येणारच हाय. आज चांगला दिवस हाय, उरकून टाकू," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्र्यांचे दाराच्या जुन्या मापानं तुकडे झाले. मला तोंड असतं तर मी ओरडले असते हो!

ऑर्डर आली, पण दाराची उंची वाढवून. आमचे तुकडे चार बोटं आखूड पडले. संजनाताई शेडमध्ये आल्या आणि ती चळत बघून मटकन स्टुलावर बसल्या.

"दादा, हे काय करून बसलात? अख्खे पत्रे असते तर नवी दारं त्यातूनच निघाली असती."

ठमाबाई काकुळतीला आली. "ताई, कापायला तुम्हीच सांगितलं म्हणा ना. तुमच्या एका शब्दानं आमची शेड वाचंल."

ताईंनी मान खाली घातली. त्या हो म्हणतील अशी मला भीती वाटली. त्यांची नोकरीच गेली असती.

"नाय," हिरामण म्हणाला. "ताईंनी धरायला सांगितलं होतं. कापलं मी. त्यांच्या नावाला बट्टा नको."

ठमाबाई तोंडाला पदर लावून रडली. तुकडे भंगारात गेले, परवानगी गेली, कामगार दुसरीकडे लागले. मी धूळ खात पडले. पात्यावर गंज चढला, तेलाची बाटलीही कुणी जवळ आणेना. फार वाईट दिवस होते ते.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर संजनाताईंचा फोन आला. साहेब पुन्हा एकदा बघू म्हणालेत, थोडाच पत्रा धरा, पण ही शेवटची संधी. पत्रा आला. दसऱ्याला ठमाबाईनं माझं पातं पुसून तेल दिलं, हार घातला. सवयीनं तिचा हात नव्या पत्र्याकडे गेला.

"त्याला हात नको लावू," हिरामण म्हणाला. त्यानं माळ्यावरून त्या आखूड पडलेल्यांतला एक गंजलेला तुकडा काढला. भंगारात न घालता त्यानं तो राखून ठेवला होता. मुहूर्ताचा काप त्याच्यावर झाला.

मित्रांनो, आम्हा मशीनना तेल द्या, पुसा, झाका. पण आमच्याखाली काही सरकवण्याआधी, ते कापायला सांगितलंय का, एवढं विचारा. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

ऑर्डर अजून आलेली नाही. नवा पत्रा भिंतीला टेकून उभा आहे, अख्खा. हिरामण येताजाता त्याच्यावरची धूळ पुसतो आणि फोनकडे बघतो.