थोरल्या घराण्याचे

१५९८ साली आयर्लंडच्या लढाईसाठी आमच्या मेरियोनिथ परगण्यातून माणसं उचलत होते, आणि कुणाला उचलायचं ते हम्फ्री ठरवत होता. त्यात माझ्या भावाचं, येस्तिनचं नाव आलं.

हम्फ्री काही परका नव्हता. आमचाच भाऊबंद. आईवेगळा, म्हणून लहानपणी आमच्या घरी वाढलेला, माझ्या आईच्या हातचं ताक पिऊन. आता त्याच्या हवेलीच्या दारात बाबा सामन मासा घेऊन उभे होते आणि मी चीजचा गोळा घेऊन.

"या ग्रिफिदकाका. एवढा मासा? म्हणजे काम मोठं दिसतंय."

"येस्तिनला सोडव रे. एकच मुलगा आहे मला."

"घरचाच आहे तो. बघू. आधी जेवा तर."

जेवायला लंडनचा एक बडा पाहुणा होता. हम्फ्रीला त्याच्यापुढे मिरवायचं होतं. "काका, आपली वंशावळ म्हणा. कळू दे यांना आपण किती जुने ते."

खडकाळ कुरण, मूठभर मेंढ्या आणि पाठ असलेले पूर्वज, एवढीच बाबांची दौलत. ते उभे राहून म्हणू लागले. हम्फ्रीचा कारभारी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेला.

"मादोगचे दोन मुलगे," बाबा रंगात आले होते. "थोरला तुदुर, त्याचे आम्ही. धाकटा इथेल, दूध काढणाऱ्या बाईचा. त्याचा हा हम्फ्री. मादोगने दोघांना सारखी जमीन दिली."

आमच्या जुन्या रीतीत बापाने आपला म्हटला की मुलगा आपला. आई कोण, याला महत्त्व नसे. बाबांनी हम्फ्रीच्या कौतुकासाठीच ते सांगितलं होतं. पाहुणा मात्र पोट धरून हसला. "म्हणजे तुमचं घराणं गोठ्यात सुरू झालं तर."

हम्फ्रीही हसला. त्याच्या हातातली सुरी तेवढी थांबली.

निघताना बाबा म्हणाले, "मग येस्तिनचं..."

"तुम्ही थोरल्या घराण्याचे, काका. धाकट्यांकडे कसलं मागता? मासा मात्र छान होता."

वाटेत बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते, "लौरी, मी खोटं काय बोललो गं?"

"काहीच नाही. आईच्या ताकाचंही सांगायचं होतं. तेही खरंच होतं."

येस्तिन आयर्लंडच्या बंदरावरच तापाने गेला. लढाई त्याने पाहिलीसुद्धा नाही. आई त्याच हिवाळ्यात गेली. हम्फ्रीला 'सर' हा किताब मिळाला आणि तो मऊ बिछान्यात म्हातारा होऊन मेला. चर्चमध्ये त्याच्या कबरीवर सिंह कोरलाय, आमच्या तुदुरच्या थोरल्या घराण्याची निशाणी. दर रविवारी मला त्याच्यासमोर बसावं लागतं आणि या वयातही माझ्या मुठी वळतात.

बाबा बरीच वर्षं जगले. आमच्याकडे माणूस बापाच्या, आज्याच्या नावाने ओळख सांगतो. बाजारात कुणी विचारलं, तुम्ही कुणाचे, तर बाबा म्हणत, "मी येस्तिनचा बाप." आणि तिथेच थांबत.