माझा रंग चुकलेला नाही

मी एक जुनी अमेरिकन मोटार आहे. लांबलचक, उघड्या छपराची, मागे माशाच्या परांसारखे दोन उभे पंख असलेली. पण घाबरून बाजूला होऊ नका, मित्रांनो. ओंजळ पुढे केलीत तर मी तिच्यात मावेन, आणि माझ्या डिकीत फार तर एक काडेपेटी बसेल. तरीही माझं स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. मला कुणी खेळणं म्हटलं की राग येतो. मुळात माझा स्वभावच जरा उतावळा आहे. जिथे माझा जन्म झाला त्या घरात तेव्हा कुणालाच चैन पडत नव्हतं, त्याचा हा परिणाम असावा.

मला घडवणारी बाई दातांच्या कवळ्या बनवायची. तिचे बाबा आयुष्यभर एका मालकाकडे ड्रायव्हर होते. मालकाची मोठी मोटार त्यांनीच चालवली, धुतली, पुसली. ती भंगारात निघाली तेव्हा पेट्रोलच्या टाकीच्या तोंडावरचं झाकण तेवढं त्यांनी मागून घेतलं. आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, पण नाक दिसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती नजरही फार दिवस टिकणार नाही.

"बाबा, काय बघायचंय तुम्हाला? समुद्रावर जाऊया?" मुलीने विचारलं.

"समुद्र काय, ऐकला तरी कळतो," बाबा म्हणाले. "माझी गाडी एकदा बघायची होती गं."

खरी गाडी कुठून आणणार? त्याच संध्याकाळी तिने कवळ्यांचं मेण तापवलं आणि मला कोरायला घेतलं.

मेणाचा आकार झाला की ती तो बाबांच्या हातात द्यायची. बाबा माझ्या अंगावरून बोटं फिरवायचे. "पंख इथे जरा उतरता होता. बॉनेट इतकं फुगीर नको, तिला काय गालगुंड झालंय?" मुलगी निमूटपणे पुन्हा कोरायची. मग मेणाचा साचा घेऊन तिने मला कवळीच्याच प्लॅस्टिकमध्ये ओतलं. बंपर धातूचे ओतून, दाताची टोपी घासतात तसे घासून आरशासारखे केले. आत्याच्या जुन्या हातमोज्याच्या चामड्यातून माझ्या सीटा निघाल्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती त्याच घरात राहायची, आणि तिच्या तोंडाला विश्रांती ठाऊक नव्हती.

"झाली का गं?" बाबा रोज विचारायचे. "झाली का?" आदल्या आठवड्यात त्यांना खिडकीचे गज दिसायचे, या आठवड्यात नुसती खिडकी.

आता राहिला होता रंग. खरी मोटार फिकट निळसर हिरवी होती. झाकणाच्या आतल्या बाजूला ऊन लागलं नव्हतं, तिथे तो रंग जसाच्या तसा होता. छटा जुळवणं तर मुलीचं रोजचं काम. शेजारच्या दाताशी नवा दात जुळवताना ती खिडकीपाशी उजेडात उभी राहायची आणि पटकन बघून नजर काढून घ्यायची, कारण एकटक बघितलं की डोळा थकतो आणि छटा फसते. तिचा डोळा कधी फसत नाही असं सगळे दंतवैद्य म्हणायचे. माझा रंगही तिने तसाच जुळवला. झाकण उलटं करून माझ्या दाराशी लावलं तर कुठे झाकण संपतं आणि कुठे मी सुरू होते, ते कळत नव्हतं.

बाबांनी मान तिरकी करून नजरेच्या कडेने मला बघितलं. "नाही. ही मळकी आहे."

मुलीने विचार केला. लहान वस्तूवर तोच रंग गडद वाटतो हे तिला माहीत होतं. तिने मला थिनरने पुसलं आणि रंगात पांढरा मिसळून पुन्हा फवारलं.

"आता राखेत लोळल्यासारखी दिसते."

पुन्हा थिनर, पुन्हा घासकागद. मित्रांनो, वाळतोय न वाळतोय तोच आपली कातडी सोलली जाते, ही कल्पना करून बघा. माझी चाकं डबीत, बंपर दुसऱ्या डबीत, आणि मी टेबलावर उघडीवाघडी. मुलगी खोलीत येरझाऱ्या घालायची. कवळ्यांची कामं तुंबली. "झाली का?" हा प्रश्न आता बाबा विचारत नव्हते. त्यांचं न विचारणं तिला जास्त टोचायचं.

शेवटी ती वैतागली. तिने ते झाकणच उलटं करून बाबांच्या समोर धरलं. "हे बघा, बाबा. हा रंग. असाच हवाय ना?"

बाबांनी बराच वेळ बघितलं. "हा तर मुळीच नाही. दुसऱ्याच कुठल्या गाडीचं झाकण आणलंस तू."

मुलीने झाकण खाली ठेवलं. तिला सगळं उमगलं होतं. बाबांच्या डोळ्यांत रंगच विझत चालले होते. खरा रंग समोर असूनही तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

जेवताना आत्याने तिला छेडलं. "अगं, माझी कवळी केलीस तेव्हा तर आरसा माझ्या हातात देऊन बसली होतीस. म्हणालीस, 'तोंड तुझं आहे आत्या, तू हो म्हणेपर्यंत मी पक्की करणार नाही.' मला जरा पांढरेशुभ्र दात हवे होते, दिलेस की नाही? आणि दादाच्या वेळी मात्र तुझा डोळा खरा!"

"तुझे दात शोभत नाहीत, आत्या. अजूनही सांगते."

"न शोभू देत. मी हसते ना?"

मुलीचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने झाकण कपाटात टाकलं. मग बाबांना खिडकीपाशी बसवून त्यांच्यासमोरच एकेका पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावत गेली. पांढरा नाही, राखाडी नाही. निळा वाढव, हिरवा वाढव, बाबा सांगत गेले. रंग भडक झाला, मग डोळ्यांत खुपू लागला. छटा जुळवणाऱ्या त्या हातांना किती जड गेलं असेल! पण ती थांबली नाही. अखेर बाबांचा हात वर झाला.

"थांब. ही. पाणी मारलं की अशीच हसायची ती."

चाकं चढली, बंपर लागले. मी बाबांच्या मांडीवर गेले आणि त्यांनी मला नजरेच्या कडेने, या बाजूने, त्या बाजूने, ऊन सरकेपर्यंत बघितलं. आत्या म्हणाली, "सर्कशीतली गाडी!" पण हळू म्हणाली.

पावसाळ्याआधीच बाबांची नजर पूर्ण गेली.

आता गंमत बघा. येणारे-जाणारे माझी कारागिरी बघून थक्क व्हायचे आणि रंग बघून हसू दाबायचे. एका प्रदर्शनात परीक्षकांनी सांगितलं, "बाई, एवढी अचूक गाडी, आणि रंगाने घात केला. तेवढा बदला." ती घरी आली. तिच्या मनाला ते लागलं होतं. चूक माहीत असून तशीच ठेवायची, हे तिच्या रक्तातच नव्हतं. आणि आता बाबांना दिसत तरी कुठे होतं? तिने कपाटातलं झाकण काढलं, मला टेबलावर घेतलं, थिनरचा बोळा भिजवला.

बाबा समोरच खुर्चीत बसले होते. "काय करतेस गं?"

"धूळ बसलीय. पुसते."

"ऊन आहे का तिच्यावर?"

"आहे."

"मग काय दिसत असेल!" बाबा म्हणाले आणि समाधानाने मान मागे टेकवून बसले.

मुलीने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग बोळा खिडकीबाहेर पिळला, कोरडं फडकं घेतलं आणि खरंच माझी धूळ पुसली.

आज बाबा नाहीत. मुलगीही थकली आहे, मला सांभाळणं तिला होत नाही. मी वेगवेगळ्या हातांत जाते आणि प्रत्येक नव्या हाताला मला दुरुस्त करायची घाई होते. म्हणून जीव खाली-वर होतो, मित्रांनो, आणि म्हणून तुमच्याशी बोलते आहे. एखादी जुनी वस्तू तुम्हाला चुकलेली वाटली, तर घासकागद उचलण्याआधी जरा विचारा, ही कुणासाठी बरोबर होती? सांगणारं कुणी उरलं नसेल, तर निदान धूळ पुसा आणि तिला उन्हात ठेवा.