पहिली पसंती

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर लोक घरी लोळत असतात असा ज्यांचा समज असेल, त्यांनी दहावीचा निकाल लागल्यावर भर दुपारी तेल्हाऱ्याकडच्या रस्त्यावर यावं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, एका मोटरसायकलवर दोघं बसून मास्तर पोरं शोधत फिरताना दिसतील. पोरं मिळाली तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर मास्तर टिकतो. नाहीतर 'अतिरिक्त' असा शिक्का बसतो आणि कोणत्या कोपऱ्यात फेकतील याचा नेम नाही.

कमलाकांत सर अकोल्याचे. तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे, रोज एसटीनं अपडाऊन करायचे. उमेदीची वर्षं बिनपगारी घासल्यावर कुठं ही नोकरी पक्की झालेली. यंदा अकरावी सायन्सला पोरं कमी पडत होती, म्हणून ते सूर्यभानच्या अंगणात येऊन बसले होते. सूर्यभानची पौर्णिमा दहावीत शाळेत पहिली आली होती आणि तिला अकोल्याच्या कॉलेजात जायचं होतं.

"अकोल्यात काय ठेवलंय?" सर हात झटकत म्हणाले. "खोलीवर राहायचं, मेसचं खायचं. तिथं शंभर पोरांत हिला कोण विचारतं? इथं मी आहे ना. आणखी तीन-चार पोरी आल्या की तुकडीही भरते."

सूर्यभानच्या बायकोनं, जमुनानं, चहाचा कप पुढं केला आणि सहज विचारलं, "तुमची स्वराली कुठी जाऊन रायली सर?"

सरांची मुलगी स्वरालीही यंदाच दहावी झाली होती. "आमचं घरच अकोल्यात, म्हणून ती तिथं," सर म्हणाले. खरी गोष्ट त्यांनी चहाबरोबर गिळली. गावच्या शाळेत फिजिक्सला मास्तर नव्हता, लॅबला कुलूप होतं, आणि घर शाळेच्या दारात असतं तरी त्यांनी स्वरालीला तिथं घातलं नसतं.

"सर म्हनतात त खरंच असन," सूर्यभान बोलला.

"मले बी तुमच्यावानीच मास्तरीन व्हायचं हाय," पौर्णिमा म्हणाली आणि सरांसमोरच तिनं मोबाईलवर, अकरावीच्या ऑनलाइन अर्जात, गावची शाळा पहिली पसंती म्हणून टाकली.

संध्याकाळी घरी येऊन सरांनी बायकोला, विमलला, ही कामगिरी सांगितली. तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, "आणि आपल्या स्वरालीच्या अर्जात ती शाळा शेवटी तरी टाकलीत का?" सरांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच ती पुटपुटली.

एका पोरीनं काय आभाळ कोसळतंय, असं सरांनी मनाला समजावून पाहिलं. पण मन कसलं ऐकतंय! मास्तरकी म्हणजे तरी काय, विश्वासानं आलेल्या पोराला फसवू नये, एवढी साधी गोष्ट. तीच जमली नाही, मग एवढी वर्षं कशासाठी झिजलो? त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी स्वरालीच्या नजरेला नजर देववेना इतकी लाज वाटली.

पसंती बदलायला अजून एक दिवस होता. सकाळच्या पहिल्या एसटीनं ते निघाले.

पौर्णिमा घरी नव्हती. "तुमचंच काम करून रायली," जमुना कौतुकानं म्हणाली. "शाळेसाठी पोरी जमा करते. प्राजक्ताच्या घरी पाहा."

प्राजक्ता म्हणजे पौर्णिमाच्या वर्गातली. तिच्या अंगणात खाटेवर बसून पौर्णिमा तिच्या आईला सांगत होती, "अकोल्यात काय ठेवलं काकू? शंभर पोराइत हिले कोन इचारते? अथी सर हायेत ना." हात झटकण्याची तऱ्हाही सरांचीच.

"सर!" ती आनंदानं उठली. "तिघी तयार झाल्या, हे चौथी. आता तुकडी नाई तुटत. झाली का नाई मी आतापासूनच मास्तरीन?"

प्राजक्ताच्या आईनं पदर सावरला. "सर, पोरगी खरं सांगून रायली का?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही," सर म्हणाले. "शाळेत फिजिक्सला मास्तर नाही. लॅब बंद आहे. माझ्या पोरीलासुद्धा मी इथं घातलं नसतं. पौर्णिमा, पसंती बदल. आज शेवटचा दिवस आहे."

पौर्णिमानं विचारलं, "मंग मले काहून सांगतलं?"

"माझी जागा जाऊ नये म्हणून."

ती रडली असती तर सरांना बरं वाटलं असतं, निदान समजूत घालता आली असती. ती रडली नाही. तिनं पायात चपला सरकवल्या.

"माहं मी बदलीन. पन त्या तिघीयचं काय? माह्या तोंडाकडे पाहून कोनी हो नाई म्हनलं सर, तुमच्या नावावर म्हनलं." ती फाटकाबाहेर पडली. "चाला. आता घरोघरी तुमीच सांगा."

सर मुकाट्यानं तिच्यामागे निघाले. पहिल्या घरापाशी तिनं कडी वाजवली आणि बाजूला सरकली.

"कोन हाय वं?" आतून एका म्हातारीनं विचारलं.

पौर्णिमानं फक्त सरांकडे पाहिलं. म्हातारीनं पुन्हा विचारलं, तरी 'मी शाळेतला मास्तर' असं म्हणायला सरांची जीभ उचलेना.