चाखून भरलेलं पोट

कारखान्याच्या कँटीनमध्ये रश्श्यात पुन्हा केस निघाला. मॅनेजरने तो दोन बोटांत धरून आचारीणबाईंच्या नाकासमोर नाचवला. केस लांब, काळा, तिचाच. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

"अजून एक निघाला ना बाई, की तुम्ही भांडी घासायला."

शेगडी सुटली की आपल्यात उरलं काय, असं तिला वाटायचं. म्हणून तर ती डोक्याला दोन-दोन फडकी आवळून वाफेत उभी राहायची. केस गळायचे ते गळायचेच. जावेने तेल दिलं. नवऱ्याने पाण्याला दोष दिला. भाजी चिरणारी म्हणाली, "टेन्शन घेऊ नका," तेव्हा तर तिला सुरी उचलावीशी वाटली. सल्ले द्यायला कुणाचं काय जातं? गळत होते हिचे.

शेवटी वैतागून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पापणी ओढून बघितली, रक्त तपासून घेतलं.

"मध्ये मोठा ताप येऊन गेला का?"

"झाले की दोन-तीन महिने."

"त्याचे केस आत्ता गळतायत. शिवाय अंगात लोह फार कमी आहे. खाता काय?"

"सगळंच. सकाळपासून चमचा तोंडातच असतो."

"ते चाखणं झालं. ताट वाढून घेऊन कधी बसलात?"

तिने आठवून पाहिलं. चाखून चाखून भूक मरायची, मग चहावर भागायचं. म्हणजे इतके दिवस रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"गोळ्या घ्या, नीट जेवा. थांबायला काही महिने लागतील."

"महिने? तिकडे माझा आठवडा निघायची मारामार आहे."

यावर डॉक्टरीणबाईंकडे गोळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. "वाईट वाटतं हो बाई. पण जेवणाऱ्यांना मी तुमचा रिपोर्ट दाखवत फिरू का? आजचा रस्सा तुमचा. उद्यापासून भांडी. केस थांबले की बघू."

ती भांडली नाही. भर गर्दीत तिने एक ताट घेतलं, भात-रस्सा वाढून घेतला आणि कामगारांच्या बाकावर जाऊन बसली.

"बाई, दुसऱ्या पातेल्याचं मीठ बघता?" आतून हाक आली.

"जेवतेय," ती म्हणाली.

चमच्यावर तिला मीठ-तिखट तेवढं कळायचं. घास चावताना कळलं, की जेवण फार चांगलं झालंय. इतकी वर्षं हे दुसऱ्यांना वाढलं आणि कळायला आजचा दिवस उजाडावा लागला. तिला रडू फुटलं, रागाचंच. शेजारचा कामगार सरकून बसला. तिने नाक पुसलं, ताट संपवलं आणि उठून आणखी भात घेतला.