वर म्हणजे चालू

मी दिव्याचा खटका बोलतोय. लोक बटण म्हणतात, तेही चालतं. अंगाने काळा, बॅकेलाइटचा. आत पितळेची एक पट्टी आणि एक स्प्रिंग. मला दोनच कामं येतात, दिवा लावणं आणि दिवा घालवणं. एकेचाळीस वर्षं तीच केली. कधी अडकलो नाही, ठिणगी उडवली नाही, कुणाला झटका दिला नाही. हे स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

कारखान्यात एका बाईने माझा स्क्रू पिळला, तीनदा वर-खाली करून पाहिलं आणि खोक्यात टाकलं. खोक्यात आम्ही चोवीस. ते खोकं मिस्त्रींनी घेतलं. मिस्त्री म्हणजे वायरमन. त्यांच्या भागात निम्म्या घरांची वायर त्यांच्या हातची. तेवीस खटके लोकांच्या घरी गेले. मी उरलो, म्हणून त्यांच्या घरी लागलो.

मिस्त्रींनी जन्मात एकच खटका उलटा बसवला. तो मी.

झालं असं. मुलगी झाली होती. बायको तिला घेऊन संध्याकाळी घरी येणार, आणि गावभर दिवे लावणाऱ्याच्या स्वतःच्या खोलीत कंदील. मिस्त्री कामावरून धावत आले, मेन काढला, कंदिलाच्या उजेडात बोर्ड ठोकला. घाईत मला डोकं खाली करून बसवलं. बायको आली. बाळ एका हातावर, दुसऱ्या हाताने तिने मला खाली दाबलं. काही नाही. मग वर केलं. दिवा लागला.

"अहो, हे उलटं आहे."

"काय उलटं?"

"जगात सगळीकडे खाली केलं की लागतो. हा वर केल्यावर लागतोय."

"आपल्या घरात वर म्हणजे चालू."

"चुकलं म्हणा की सरळ. बाळ काही कुणाला सांगायला जात नाही."

दोन स्क्रूंचं काम होतं. मिस्त्रींनी केलं नाही. चूक दुरुस्त करायची तर आधी ती झाली म्हणावं लागतं. मी उलटाच राहिलो.

पाहुणे हमखास फसायचे. खाली, वर, पुन्हा खाली. बायको हसायची. "आमच्याकडे सगळंच उलटं. दिवा वर केल्यावर लागतो आणि माणूस पोट भरल्यावर चिडतो." मिस्त्री पाहुण्यांकडे असे बघायचे, जणू त्यांचंच चुकलंय.

मी माणसं बोटांवरून ओळखतो. मिस्त्रींचा अंगठा, टोकाला पक्कड लागून झालेली खाच. बायकोचा हात नेहमी ओला. हातात भांडी असली तर कोपर. मुलगी स्टुलावर चढून यायची. एकदा तिने मला सलग तीस वेळा वर-खाली केलं, "अगं दिव्याचा जीव घेतेस का?" असा आईचा ओरडा खाल्ला आणि जाता जाता एकतिसावी वेळ केली.

मग मुलगी उंच झाली. स्टूल लागेना. मग लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली. मग एका वर्षी ओला हात यायचा थांबला. अंगठा तेवढा राहिला. मला काही वाटलं नाही. खटक्याला वाटून काय करायचंय.

तेव्हाच बाप-लेकीत एक बोलणं झालं. मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्याकडे चला." मिस्त्री म्हणाले, "डोळे आणि पाय चालतात तोवर मी इथेच. त्यातलं एक बंद पडलं की तू म्हणशील तिथे येईन. शब्द." ती म्हणाली, "बरं. शब्द." तेव्हापासून रोज संध्याकाळी, सहाचा भोंगा झाला की ती डबा घेऊन येई, अर्धा तास बसे आणि जाई.

तीन वर्षांपूर्वी मिस्त्री एकटेच डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले. दार लावलं, माझ्यावर अंगठा ठेवला आणि भिंतीला म्हणाले, "आतली वायरच जळत आलीय म्हणतो डॉक्टर. बदलून मिळत नाही."

एवढंच. मुलीला सांगितलं नाही.

जळायला दोन वर्षं लागली. आधी कडेचं गेलं, मग मधलं, शेवटी उजेड आणि अंधार यांतला फरकही गेला. पण मिस्त्री होते वायरमन. अर्धं आयुष्य त्यांनी माळ्यावर, भिंतीमागे, जिथे दिसत नाही तिथे हात घालून काम केलेलं. खोली त्यांना पाठ होती. खुर्चीपासून माझ्यापर्यंत चार पावलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत एकशे बारा, उजवा हात भिंतीला. न्हाव्याला सगळं ठाऊक होतं. मिस्त्रींनी त्याला बजावलं होतं, "बोललास तर तुझा वस्तरा आणि माझी मान." तो बोलला नाही.

राहिला प्रश्न दिव्याचा. जुनी ट्यूबलाइट होती तोवर ती गुणगुणायची, त्यावरून कळायचं. मुलीने तीही बदलली. नवा दिवा मुका. मग मी तेवढा उरलो. भोंगा झाला की मिस्त्री उठायचे, चार पावलं यायचे, मला वर करायचे. शंका आली तर पुन्हा यायचे, अंगठा लावायचे. वर आहे, म्हणजे चालू आहे. मग खुर्चीत बसून पेपर उघडायचे. घडी डावीकडे, म्हणजे सुलटा. बातम्या सकाळी रेडिओवर ऐकलेल्या.

"काय म्हणतोय पेपर?"

"रोजचंच. चोर वाढले, पानं कमी झाली."

वर्षभर असं चाललं. त्या वर्षात घरातला एकच जण त्यांना खरं सांगत होता. तो मी.

एकदा मुलगी जरा लवकर आली आणि तिने त्यांना भिंत चाचपताना पाहिलं.

"काय शोधताय?"

"खांदा धरलाय. हात वर जात नाही नीट."

ही थाप त्यांना महागात पडली. लेक मायेची. चौथ्या दिवशी एका वायरमनला घेऊन आली. त्याच्या हातात काचेची एक पांढरी पाटी आणि एक रिमोट.

"बाबा, आता उठायलाच नको. खुर्चीत बसून दिवा लावायचा."

"जुन्याला काय झालंय?"

"तुमच्या खांद्याला झालंय ना."

मिस्त्री आपल्याच थापेत अडकले. खांद्याला काही झालं नाही म्हणावं, तर मग भिंत का चाचपत होतात?

वायरमनने मला उघडलं आणि हसला. "काका, हे कुणी बसवलं? उलटंय!"

"त्यांनीच," मुलगी म्हणाली. "विचारू नका, चिडतील."

"एकेचाळीस वर्षं चालतंय," मिस्त्री म्हणाले. "तुझं किती चालेल ते सांग."

त्याने वायर सोडवल्या. एकेचाळीस वर्षांनी माझ्यातून काहीच जात नव्हतं. दुखलं नाही. फक्त हलकं वाटलं, रिकाम्या डब्यासारखं. माझ्या जागी काच बसली. मिस्त्रींनी तिच्यावरून अंगठा फिरवला. कुठे टोक नाही, वर नाही, खाली नाही.

"कुठे दाबायचं?"

"दाबायचं नाही काका, नुसतं बोट लावायचं. एकदा लावलं की चालू, पुन्हा लावलं की बंद. रिमोटचंही तसंच."

"आवाज?"

"अजिबात नाही. तीच तर मजा आहे."

"जुना इकडे दे," मिस्त्री म्हणाले.

मला त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकलं. मुलगी जाताना म्हणाली, "दिवा बंद केलाय हं बाबा." खिशात हात आला आणि मला खाली केलं.

तिथून आमची नवी नोकरी सुरू झाली. भोंगा झाला की मिस्त्री चार पावलं जात, काचेला बोट लावत आणि त्याच वेळी खिशात मला वर करत. झोपताना काचेला बोट, खिशात मी खाली. माझ्यात वीज नव्हती, नुसता टक् असा आवाज होता. तरी मी पूर्वीइतकंच खरं सांगत होतो. रिमोटला ते हातही लावत नसत. तो खुर्चीच्या हाताला दोरीने टांगलेला होता.

पाच दिवस काहीही चुकलं नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला. मिस्त्रींनी काचेला बोट लावलं, मला वर केलं, खुर्चीत बसून पेपर उघडला.

दार उघडलं. दोन पावलं आत आली आणि थांबली. मिस्त्रींनी सवयीने पान उलटलं.

"ये. डबा ठेव तिथे. एवढं वाचून होऊ दे."

डबा ठेवल्याचा आवाज आला नाही.

"काय गं? बोलत का नाहीस?"

"बाबा," ती म्हणाली, "दिवा चालू आहे ना?"

खिशात अंगठा आला. मी वर होतो.

"मग? डोळे आहेत ना तुला?"

तिने डबा ठेवला. जमिनीवर ठेवला, कारण खोलीत अंधार होता आणि टेबल तिला दिसत नव्हतं.

मिस्त्रींच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला. खिशात अंगठ्याने मला पुन्हा चाचपलं. वर. पुन्हा चाचपलं. वरच.

"दुपारी तुम्ही न्हाव्याकडे होतात ना, तेव्हा मी येऊन गेले," ती म्हणाली. आवाज अगदी खालून येत होता. जमिनीवर बसली असावी. "कपाटातली आईची शाल घ्यायला. तेव्हा रिमोटने दिवा लावला. घालवायचा राहिला वाटतं."

म्हणजे दिवा दुपारपासून चालू होता, आणि भोंग्यानंतर मिस्त्रींच्या बोटाने तो बंद झाला. मी सांगत होतो चालू. आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं, तेही नेमकं तेव्हा.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष झालं. पूर्ण जाऊन."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर शब्द पाळावा लागला असता."

ती रडत होती की नाही, ते मला कळलं नाही. खिशातून एवढं कळत नाही. मग म्हणाली, "राहा इथेच. मी जुनं बटण परत लावून घेते. दोनदा येत जाईन दिवसातून."

"नको. शब्द दिलाय. रविवारी येतो."

"बाबा, मी धरत नाहीये तुम्हाला शब्दात."

"मी धरतोय."

त्यांनी मला खिशातून काढून तिच्या हातात दिलं. तिची बोटं मी लगेच ओळखली. मोठी झाली होती, एवढंच. आता तीही ओली होती.

"हे काय?"

"त्याच्यावरून कळायचं. वर म्हणजे चालू."

रविवारी सामान हललं. दोन पिशव्या, रेडिओ, पक्कड. मिस्त्री उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"दिवा घालवलास?"

"घालवला."

त्यांनी तळहात पुढे केला. तिला क्षणभर उमगलं नाही. मग तिने मला टक् करून खाली केलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. मिस्त्रींनी अंगठा लावून पाहिलं. मग कुलूप लावू दिलं.

आता मी मुलीच्या घरी, मिस्त्रींच्या खाटेजवळच्या फळीवर असतो. भिंतीवर नाही, वायरला नाही. संध्याकाळी मुलगी खोलीत येते, दिवा लावते आणि मला वर करते. रात्री दिवा घालवते आणि मला खाली करते. जावई एकदा म्हणाले, "अगं, त्यांना त्याने काय फरक पडतो?" ती म्हणाली, "त्यांना विचारून बघा, मग कळेल." त्यांनी विचारलं नाही. मिस्त्री अधूनमधून फळीवर हात घालतात, अंगठा लावतात. पेपर आता घेत नाहीत.

मला अजूनही काही वाटत नाही. तुमच्या घरातलं जुनं बटण बदलायचं असेल तर खुशाल बदला. आधी एवढंच बघा, की त्याच्यावर कुणाचा अंगठा असतो आणि तो तिथे काय करतो.

आज तिच्याकडे पाहुणे आले आहेत. बाहेर हसणं-बोलणं चाललंय. घाईघाईत येऊन तिने दिवा लावला आणि तशीच गेली. खोलीत लख्ख उजेड आहे आणि मी खाली आहे. मिस्त्रींनी आत्ताच अंगठा लावून पाहिला आणि हात मागे घेतला. ते अंधारात बसले आहेत.

तुमच्यापैकी कुणी आत आलंच, तर जाता जाता मला वर करा.