ओंजळ की डोह

या गोष्टीवर आजवर एकानेही विश्वास ठेवलेला नाही, आणि तुम्हीही ठेवणार नाही. ज्या दुष्काळात सिंदफणेतले मासे धुळीत पोहायला शिकले, त्याच दुष्काळात शिरूर कासारला लिंबाखाली दोन गोऱ्या पाद्र्यांनी दिवसभर पाण्यावरून वाद घातला, आणि तो वाद मिटवला भामाबाईने. तिची लेक साखराबाई ही काय, इथेच सुपारी कातरत बसली आहे. हवं तर तिला विचारा. शक्यतो विचारू नका.

तर लिंबाखाली दोन टेबलं मांडली होती. एकामागे म्हातारा साहेब. हा नगरकडून घोड्यावर बसून फार वर्षं या मुलखात येत होता आणि ओंजळभर पाणी डोक्यावर शिंपडून बाप्तिस्मा देत होता, अगदी तान्ह्या लेकरालासुद्धा. दुसऱ्या टेबलामागे तरणा साहेब, दुसऱ्या मिशनचा, आगबोटीतून नुकताच उतरलेला. त्याचं म्हणणं, माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे, तोही कळत्या वयात, आपल्या तोंडाने विश्वास सांगून. बाकी सगळं म्हणजे नुसतं डोकं ओलं करणं. वस्तीने एकाचं नाव ओंजळसाहेब ठेवलं होतं आणि दुसऱ्याचं डोहसाहेब. दोघांसमोर पुस्तकांच्या चळती. डोहसाहेबाच्या चळतीने येताना बैलगाडीचा आस मोडला होता, आणि दुसरा आस मिळेपर्यंत डावा बैल तिसऱ्या अध्यायापर्यंत पोचला होता.

"बैलानं चष्मा लावलाता का?" साखराबाईने खाली बघतच विचारलं.

चष्मा साहेबाचा होता. पुढे ऐका.

भामाबाईची वस्ती गावकुसाबाहेर. त्या साली आसपासचे सगळे झरे आटले आणि पाणी राहिलं ते एका ठिकाणी, विठ्ठलराव देशमुखांच्या बारवेत. बारवेला पायऱ्या होत्या, पण त्या भामाबाईसाठी नव्हत्या. तिने वरच्या कठड्यापासून लांब, घागर पुढ्यात ठेवून बसायचं आणि पाणी घेऊन वर येणाऱ्या बायकांना म्हणायचं, पाणी वाढा माय. कोणाला दया आली तर ती उंचावरून धार सोडी. नाही आली तर ऊन डोक्यावरून पाठीवर जाई. भामाबाई लग्न होऊन आली ती त्याच जागेवर येऊन बसली. तिचं कुंकू पुसलं, केस पिकले, पण जागा तीच. तिथली माती तिच्या बैठकीने खोल गेली होती. इतकी की तिथे एखादं कोंबडं बसलं तर नुसता तुरा दिसायचा.

वस्तीत मिशनची शाळा चालवणारा गहिनीनाथ मास्तर. तोच साहेबांचं बोलणं मराठीत सांगायचा. त्याने एका रविवारी प्रार्थना संपल्यावर सांगितलं, की पुढच्या आठवड्यात दोन साहेब शिरूरला येणार आणि थोडं पाणी असावं की पुष्कळ, याचा निकाल करणार. वस्तीला वाटायचं तेच वाटलं. इतक्या शिकल्या माणसांनी गाड्या भरून पुस्तकं घेऊन आपल्या पाण्याचा निकाल करायला यावं, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. नवल एवढंच, की इतका उशीर कावून.

म्हणून त्या दिवशी लिंबाखाली सगळी वस्ती आली ती घागरी घेऊन. लहान पोरांच्या हातातही गाडगी होती. मास्तरच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं, पण तोवर ओंजळसाहेबाने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती.

वाद सुरू झाला. डोहसाहेब म्हणाला, योहानाने बाप्तिस्मा दिला तो अशा जागी, जिथे पुष्कळ पाणी होतं. शास्त्रातच तसं लिहिलंय. पुष्कळ पाणी म्हटल्यावर घागरी खडखडल्या आणि सगळी वस्ती हातभर पुढे सरकली. ओंजळसाहेब म्हणाला, त्याच शास्त्रात तुरुंगाच्या नाईकाने मध्यरात्री घरादारासकट बाप्तिस्मा घेतला, तिथे कुठला आलाय डोह? वस्ती पुन्हा मागे सरकली. सगळ्यांचा जीव डोहसाहेबात अडकला. म्हाताऱ्याने आपली लेकरं शिकवली होती, दुखण्यात औषध दिलं होतं, सगळं खरं. पण तो थोड्या पाण्यावर राजी होता. तरणा पोरगा मात्र गळ्याइतक्याच्या खाली यायला तयार नव्हता.

दुपार कलली तरी चाललंच होतं. डोहसाहेबाने तीन जाडजूड पुस्तकं उचलून दाखवली आणि सांगितलं, की या वादावर ही वाचल्याशिवाय यापुढे कोणी प्रभूभोजनाला बसू नये. ओंजळसाहेबाने त्यावर आपली चार काढली. लिंबाखाली वाचता येणारा मास्तर एकटा. बाकीच्यांनी त्या पुस्तकांकडे आदराने पाहिलं, कारण तेवढ्या जाडीच्या भिंतीही वस्तीत नव्हत्या.

मग डोहसाहेब तान्ह्या लेकरांवर आला. ज्याला विश्वास म्हणजे काय ते कळत नाही, त्याच्या डोक्यावर शिंपडलेलं पाणी हा बाप्तिस्माच नव्हे, असं तो म्हणाला. ज्यांची लेकरं अशी ओली केली गेली, त्यांनी फसू नये. मास्तरने हे अडखळत सांगितलं, भामाबाईकडे न बघता.

भामाबाईचा धाकटा दावीद. पाऊल टाकायच्या आधीच तापाने गेला. मिशनच्या जागेत, काट्याच्या कुंपणालगत त्याच्यावर दगड रचले होते. त्याच्या डोक्यावर ओंजळसाहेबानेच पाणी शिंपडलं होतं, आणि ते पाणी भामाबाईच्या घागरीतलं होतं.

ती उठली. तिने ओंजळसाहेबाकडे पाहिलं. तो म्हातारा काही बोलेल, आपल्या हाताने केलेल्या कामाच्या बाजूने दोन शब्द सांगेल, असं तिला वाटलं. तो बोललाही, पण पान उघडून, बोट ठेवून, डोहसाहेबाशी. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. दोघं तिच्या पोराच्या डोक्यावरून बोलत होते, आणि पोर मध्ये दगडांखाली होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "साहेबाला इचारा. दावीदच्या डोस्क्यावर वतलेलं पानी मी दिसभर बारवंपाशी बसून मागून आनलंतं. ते देवाला कमी पडलं का?"

मास्तरने विचारलं. डोहसाहेब तसा वाईट नव्हता. त्याने चष्मा काढला, आवाज मऊ केला आणि सांगितलं, की लेकरू देवाच्या दयेत आहे, त्याची काळजी नको. पण बाप्तिस्मा तो नव्हे. बाईने स्वतः आता खरा बाप्तिस्मा घ्यावा. भरपूर पाण्यात.

आता ऐका. सकाळी भामाबाई डोहसाहेबाच्या तंबूमागून आली होती. तिथे भिस्ती विठ्ठलरावांच्या बारवेचं पाणी पखालीने आणून साहेबाच्या कापडी टबात ओतत होता. विठ्ठलरावांनीच पाहुण्यासाठी धाडलेलं. साहेब न्हाला आणि साबणाचं पाणी तंबूच्या दोरीखालून वाहून गेलं. माती इतकी तहानलेली होती की फेससुद्धा मागे राहिला नाही.

"कुठल्या पान्यात?" भामाबाईने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण पुढच्या ओळीतल्या बाया बाजूला सरकल्या. "सकाळी तुमच्या अंगावरून गेलं त्यात? आमाला बारवंच्या पायरीवर पाय ठिवू देत न्हाईत, ते ठावं हाय का तुमाला? का ते कंच्याच पुस्तकात न्हाई? तुमी दोगं त्या बारवंचं पानी पिता, अन् आमी तितं मागत बसतो, अन् तुमी आमाला इचारता, किती पान्यात बुडाल म्हून."

मास्तरने अर्धं सांगितलं. उरलेलं गाळलं.

"अन् येक," ती म्हणाली. "त्यो इहिरीवर बसलेला येसू. त्यानं परक्या जातीच्या बाईपाशी पानी मागितलंतं, तिच्याच भांड्यातलं. तुमच्यातल्या कुनी कदी मला मागितलं?"

तिने रिकामी घागर ओंजळसाहेबाच्या टेबलावर ठेवली, उघड्या पुस्तकावर. मातीच्या घागरीखाली पान चुरगळलं. म्हाताऱ्याने हात पुढे केला, तो पान सरळ करायला की घागर घ्यायला, हे त्यालाही ठरवता आलं नाही. हात तसाच राहिला. मग त्याने बाकीची पुस्तकं मिटली, आणि डोहसाहेबानेही मिटली, आणि बैलांनी रवंथ थांबवलं.

भामाबाईने घागर उचलून डोक्यावर घेतली आणि वाट धरली. तिच्यामागून सगळी वस्ती, वस्तीमागून मास्तर, आणि सगळ्यांत शेवटी दोन्ही साहेब, उघड्या डोक्याने, धुळीतून. विठ्ठलराव बारवेच्या कठड्यावर बसले होते. त्यांनी गर्दी पाहिली, पुढची म्हातारी पाहिली, आणि काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे, ते उठले. त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं आणि बाजूला होऊन म्हणाले, उतर, भामाबाई.

ती उतरली. पाणी तळाला होतं, पण तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसं ते हललं, दुसऱ्या पायरीला वर चढायला लागलं, आणि अर्ध्या वाटेवर तिला येऊन भेटलं. घोट्याला, मग कमरेला, मग गळ्याला. ती डोळे मिटून खाली गेली, पांढरे केस तेवढे वर तरंगले, आणि वर आली तेव्हा तिने पहिली ओंजळ भरली आणि दावीदच्या नावाने सोडली. दोन्ही साहेब पायरीवर गुडघे टेकून बसले होते. वस्तीच्या घागरी भरल्या, पोरांची गाडगी भरली, आणि त्या दिवसापासून त्या बारवेवर कोणी कोणाला—

साखराबाईचा अडकित्ता थांबला.

"खोटं हाय," ती म्हणाली. "विठ्ठलराव उठला न्हाई. आई पायरीवर गेली न्हाई. ती वारली तवा तिला न्हाऊ घालाया मी तीच घागर घिऊन तिच्याच जागंवर बसलेते. सांज झाली. कुनी वाढलं न्हाई. कोरडीच पुरली तिला, दावीदच्या शेजारी."